मडकं सम देईल तेव्हा

कथक मुळात एकट्याने नाचायचा प्रकार. एक नर्तक, तबला, लेहरा, पढंत आणि तास-दीड तास. त्यामुळे एकल रचना करायची म्हटली की आम्हा कथकवाल्यांना बिचकायला होत नाही. बिचकायला होतं ते त्या रचनेत नृत्याबाहेरचं माणूस आलं की. गेली काही वर्षं मी पुण्यातल्या एका सिरॅमिक कलावंत बाईंबरोबर एक एकल करते आहे. मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच म्हणेन. रंगमंचावर काचेच्या टाकीत पाणी, आणि त्या पाण्यात न भाजलेलं, कडकडीत वाळलेलं एक मडकं. ते पाण्यात विरत जातं आणि पुरतं खाली बसेपर्यंत मी नाचते. सांगायला एवढंच, करायला बराच काळ गेला. 'दुसऱ्या कलेच्या माणसाबरोबर काम कसं करायचं' असं माझ्याकडे शिकून गेलेल्या मुली सारखं विचारतात, म्हणून क्रमांक घालून लिहिते. क्रमांक नुसते सोयीचे आहेत. खरा मुद्दा तिसरा.

1. पहिलं सुचलेलं साम्य टाकून द्या

कथक आणि मातीकाम एकत्र म्हटलं की ऐकणारा हमखास म्हणतो, "वा! त्यांचं चाक आणि तुझ्या चकरा!" आम्हालाही पहिल्यांदा तेच सुचलं होतं. इतकं सहज सुचलं, की ताईंनाच संशय आला. त्या म्हणाल्या, "हे मला दिसलं, तुला दिसलं, म्हणजे पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला पहिल्या मिनिटात दिसणार. मग उरलेला वेळ त्यांनी काय बघायचं?"

त्यांनी चाकावर गोळा ठेवून दाखवला. चाकावर माती फिरते आणि हात स्थिर असतात. गोळा मध्यावर आला की तो फिरतोय हेच कळेनासं होतं. हाताखाली नुसतं गार, गुळगुळीत काहीतरी असतं. चक्करमध्ये उलट आहे. फिरतं सगळं शरीर, आणि ते फिरलेलं बघणाऱ्याला दिसायलाच हवं. नजर समोरच्या एका बिंदूवर, मान शेवटी सुटते, आधी पोचते. म्हणजे ज्याला आपण साम्य म्हणत होतो त्यात फिरण्यापलीकडे समान काही नव्हतं. चाक रचनेतून गेलं. चकराही जवळजवळ गेल्या. आता फक्त एका जागी आहेत आणि तिथे मडक्याकडे पाठ असते.

दोन कलांमधलं साम्य पोस्टरवर छान दिसतं, पण त्यावर चाळीस मिनिटं उभी राहत नाहीत. तुमच्या सहकाऱ्याच्या कामात असं काय आहे जे तुमच्या कलेला जमतच नाही, हे शोधा. मला जे जमत नव्हतं ते म्हणजे नष्ट होणं. मी अभिनयातून ते दाखवू शकते, मडकं ते खरंच करतं.

2. एकमेकींच्या कामाच्या जागी जाऊन बसा

गप्पा मारायला नाही, काम करायला. ताईंनी मला पहिल्यांदा माती मळायला बसवलं. कणीक मळण्याची सवय असलेल्या हाताला वाटतं, हे तर येतंच. येत नाही. कणकेत हवा राहिली तर बिघडत काही नाही. मातीत राहिली तर भिंत कमजोर होते. गोळा तारेने मधोमध कापून आतलं तोंड बघायचं, बारीक भोक दिसलं की पुन्हा मळायचं. भाजलेलं भांडं तपासायला ताई ते तळहातावर घेऊन बोटाच्या पेराने टिचकी मारतात. खणखणीत आवाज आला तर ठीक. आवाज बसका आला, की कुठेतरी डोळ्यांना न दिसणारी चीर आहे. आमचे तबलजी हे बघून इतके खूश झाले की त्यांनी मांडणीवरची सगळी भांडी वाजवून बघितली.

ताई माझ्या रियाजाला येऊन बसायच्या. टाळी-खाली हातावर धरून तीनतालाच्या सोळा मात्रा मोजायला शिकल्या. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, त्यांना मात्र कधी ऐकू येत नसे. त्यांना ती दिसायची. "तुझी टाच आधी ठरवते, आवाज नंतर येतो," असं त्या एकदा म्हणाल्या. इतकी वर्षं आरशासमोर नाचून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मातीवाली बाई पायाचं वजन कुठे पडतंय ते बघते. बाकी सगळे घुंगरू ऐकत असतात.

पुण्याच्या कथकला दुसऱ्या कलेत जाऊन बसण्याची ही सवय नवी नाही. रोहिणी भाटे यांनी 1947मध्ये इथे नृत्यभारती सुरू केली. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या कथक शिकल्या, शिवाय केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गाणंही शिकल्या. त्यांच्या रचना सुरांवर नुसत्या ठेवलेल्या वाटत नाहीत, त्याचं एक कारण मला हे वाटतं. दुसरी कला वरवर माहीत असणं निराळं आणि तिच्यात शिष्य म्हणून बसणं निराळं. पुरतं येण्याची गरज नाही. आपल्याला काय येत नाही ते नेमकं कळण्याइतकं यायला हवं.

3. दोघांचा वेळ वेगळा असतो, आणि रचना तिथेच सापडते

माझा वेळ मात्रांचा. आवर्तन पुरं झालं की सम येते. ती आली नाही असं होत नाही. मातीला असली शिस्त नाही. ओलं भांडं पंख्याखाली ठेवून घाईने वाळवलं तर काठ आधी आकसतो, बूड मागे राहतं आणि मधे चीर जाते. वाळताना आणि भाजताना मिळून माती सहज दहा-बारा टक्के आकसते. भट्टीत साधारण 500 ते 600 अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांतच बांधलेलं पाणी निघून जातं; त्यानंतर ती पुन्हा कधीच चिखल होत नाही. त्याच्या अलीकडे मात्र कितीही वाळलेली माती पाण्यात घातली की परत फिरते.

या शेवटच्या गोष्टीवर सगळं उभं राहिलं. ताईंनी सहज म्हणून एक कच्चं मडकं बादलीत सोडलं होतं, मोडकी भांडी परत माती करायला सोडतात तसं. आधी बारीक बुडबुड्यांच्या माळा वर यायला लागल्या. मातीतली हवा बाहेर पडत होती. मग पाण्याच्या रेषेखाली पापुद्रे सुटले. काठ कोरडाच, तसाच दिमाखात. मग बूड एका बाजूने बसलं, मडकं कललं, आणि काठ अख्खाच्या अख्खा पाण्यात गेला. मी त्या वेळात नुसती उभी होते. घरी येऊन तबलजींना फोन केला, "आपल्याला एक तिहाई करायची आहे, पण ती कधी घ्यायची ते आपल्याला माहीत नसेल." तिहाई म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपवायचा बोल.

मर्स कनिंगहॅम आणि जॉन केज यांची गोष्ट नृत्याच्या वर्गात नेहमी सांगतात. 1944मध्ये न्यूयॉर्कमध्ये कनिंगहॅम यांनी केज यांच्या संगीतावर एकल नृत्यांचा कार्यक्रम केला. तिथून त्यांची पद्धत आकाराला आली: कालाची चौकट तेवढी दोघांनी मिळून ठरवायची, आतलं काम ज्याचं त्याने स्वतंत्रपणे करायचं, आणि ठरल्या जागांवर भेटायचं. पुढे तर एवढंही ठरवायची गरज त्यांना वाटेना. आम्हाला त्यांच्यापेक्षा सोपं होतं, कारण कथकमध्ये आयत्या वेळी सुचेल तसं वाढवण्याची, थांबण्याची सोय आहे. तिला आपण उपज म्हणतो. ताल बांधलेला, पण आवर्तनं किती हे मोकळं. तबला आणि लेहरा चालू राहतो, आणि मी थाटात उभी राहते, एखादा तुकडा घेते, तत्कारात लय वाढवते, पुन्हा थांबते. मैफलीत हे सगळं समेची वाट बघत चालतं. इथे आम्ही मडक्याची वाट बघतो.

गंमत अशी, की ताईंच्या हातात लय आहे आणि ती त्या भिंतीच्या जाडीने ठरवतात. पातळ भिंतीचं मडकं काही मिनिटांत ढासळतं. जाड बुडाचं, दाट मातीचं अर्ध्या तासापर्यंत तग धरतं. रेती मिसळली तर माती पाणी लवकर पिते. आणि हवा! कडक वाळलेली माती पाण्यात चटकन फुटते, पण किंचित दमट असली की हट्टाने टिकते. जुलैतल्या पुण्यात मडकं पुरतं वाळतच नाही. एका पावसाळी प्रयोगात ते बसायलाच तयार नव्हतं. मी थाटात उभी, तबलजी विलंबितात एकेक मात्रा चघळताहेत, प्रेक्षक टाकीकडे बघताहेत. त्या दिवशी जितका वेळ मी काहीही न करता रंगमंचावर काढला तितका आयुष्यात कधी काढला नव्हता. माझ्या मते तो आमचा सर्वांत चांगला प्रयोग होता. ताईंचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात मडकं नीट वाळवलेलं नव्हतं, बस्स. त्यानंतर पावसाळ्यात त्या मडकं प्रयोगाआधी मंद आचेच्या ओव्हनमध्ये ठेवतात.

4. तबलजींना पहिल्या दिवशी बोलवा

दोन कलावंतांचा 'सहयोग' म्हणून पोस्टर लागतं आणि साथीला माणूस आदल्या आठवड्यात येतो, हे आपल्याकडे सर्रास चालतं. असं करू नका. आमच्या रचनेत सर्वांत अवघड काम तबलजींचं आहे. बोल अर्ध्यावर आला असताना मडकं कललं, तर तिथून समेवर कसं यायचं? पहिल्या तालमीला त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "ताई, मडकं सम कधी देणार?" मग त्यांनीच उपाय काढला. लांबलचक चक्रदार बांधून ठेवायचाच नाही. कोणत्याही मात्रेवरून उचलता येतील अशा छोट्या तिहाया जवळ ठेवायच्या, आणि काठ कलला की पढंत, म्हणजे बोल म्हणणं, मी करायची नाही, त्यांनी करायची. कारण माझी पाठ टाकीकडे असू शकते, त्यांची नसते. म्हणजे शेवटाचा निर्णय त्यांचा. एकलाचा शेवट नर्तकीच्या हातात नाही, हे पचायला वेळ लागला. आता त्यातच मजा येते.

5. लोक मडक्याकडेच बघणार

याला इलाज नाही. रंगमंचावर एकीकडे वर्षानुवर्षं घासलेली तयारी, आणि दुसरीकडे खरोखर पडणार असलेली वस्तू. डोळे वस्तूकडे जातात. सुरुवातीला मी त्याच्याशी स्पर्धा करत होते, लय वाढवत होते, परणा टाकत होते. दिग्दर्शन करणाऱ्या एका मित्राने तालीम बघून सांगितलं, "तू जितकी जास्त नाचतेस तितका मी टाकीकडे बघतो. थांबतेस तेव्हा मात्र तुझ्याकडे बघतो." मग आम्ही टाकी पुढे, प्रेक्षकांच्या डाव्या हाताला आणली आणि तिच्यावर एकच मंद दिवा ठेवला. तिच्यापासून मी लांब असते तेव्हा जोरकस काम, जवळ येते तेव्हा फक्त गत आणि डोळे.

6. एकच वस्तू पुरते

1935मध्ये मार्था ग्रॅहम यांनी 'फ्रंटियर' हे एकल केलं, त्याचं नेपथ्य शिल्पकार इसामू नोगुची यांचं. नोगुची यांनी काय दिलं? लाकडी कुंपणाचा एक तुकडा आणि त्याच्यामागून दोन्ही बाजूंना वर गेलेले दोर. एवढ्यावर अमेरिकेतलं ते अफाट माळरान उभं राहिलं, आणि त्या दोघांचं एकत्र काम पुढे कित्येक वर्षं चाललं. दुसऱ्या टोकाला 2006चा आविन्योंचा महोत्सव आहे: चित्रकार मिकेल बार्सेलो आणि नृत्यकार जोसेफ नाज यांनी 'पासो दोब्ले'मध्ये ओल्या मातीच्या प्रचंड भिंतीवर आणि जमिनीवर स्वतःला अक्षरशः झोकून दिलं. चित्रकार स्वतःच मंचावर, नर्तकाबरोबरीने चिखलात. ते पाहून ताईंना वाटलं होतं की आपणही जमिनीवर चिखल पसरावा. मी नाही म्हटलं. पायात शंभराच्या वर घुंगरू, खाली ओला चिखल, आणि तत्कार. गुडघा गेला तर पुढचे प्रयोग कोण करणार? शिवाय पितळी घुंगरांत माती शिरली की ती मुकी होतात आणि दोरी कुजते.

ताईंनी हट्ट धरला नाही. मीही एकदा मडक्यावर गेरूची नक्षी मागितली होती. "ते विरणार आहे, त्याला नटवू नकोस," म्हणून त्यांनी ती फेटाळली. आमच्यात नियम ठरला आहे. शरीराच्या सुरक्षिततेबद्दल शेवटचा शब्द माझा, मातीबद्दल त्यांचा, आणि वेळेबद्दल तबलजींचा. प्रकाशाबद्दल अजून भांडतो.

7. पैसे आणि नावं आधी कागदावर

हे लिहायला कंटाळा येतो, म्हणूनच लिहिते. नृत्याचा खर्च एकदा होतो असं आयोजक धरतात: रचना बसली, की पुढे फक्त मानधन. आमच्याकडे दर प्रयोगाला एक मडकं जातं. शिवाय जोडीला दोन राखीव लागतात, कारण प्रवासात कच्चं भांडं कधी तडकेल सांगता येत नाही. त्यामुळे ताईंचं मानधन दर प्रयोगामागे हवं, एकरकमी नको. एका आयोजकांनी त्यांचं नाव पत्रिकेत 'नेपथ्य साहाय्य' या ओळीत छापलं आणि बिलही त्याच खात्यात टाकलं. आम्ही पत्रिका परत छापायला लावली. भांडण झालं, पुढच्या वर्षी त्यांनी बोलावलं नाही. बरं झालं.

कायदाही थोडा समजून घ्या. भारतीय कॉपीराइट कायद्यात (1957) नृत्यरचना नाट्यकृतीच्या व्याख्येत येते, पण तिचं रूप लिहून किंवा अन्य प्रकारे पक्कं केलेलं असावं लागतं. नुसतं अंगात बसलेलं चालत नाही. चित्रीकरण करा, बोल आणि हालचाली वहीत उतरवा. मडकं हे कलाकृतींमध्ये मोडतं. आणि दोघांचा वाटा वेगळा ओळखू येत असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती संयुक्त कृती ठरत नाही, ज्याचा हक्क त्याचा. म्हणून तुमचा एकत्रित प्रयोग कोणी, कुठे, कुणाच्या परवानगीने करायचा, हे तुम्हीच एका पानावर लिहून सह्या करायला हव्यात. आमचं पान ताईंच्या भट्टीशेजारच्या कपाटात आहे, मातीचे डाग पडलेलं.

8. "हे कथक आहे का?"

कुणीतरी विचारणारच. मी उत्तर देत नाही. ज्यांना तिहाई कळते ते प्रयोगानंतर तिहाईबद्दलच बोलतात.

9. हॉलवाल्यांशी बोलताना 'पाणी' हा शब्द आधी उच्चारा

ऐनवेळी नको. टाकीखाली ताडपत्री, विजेच्या तारा दुसऱ्या बाजूने, पाणी आणायला आणि न्यायला झाकणाच्या बादल्या, आणि एक माणूस फक्त याच कामाला. प्रयोगानंतर गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. माती खाली बसून नळी तुंबते आणि मग त्या हॉलमध्ये पुन्हा तारीख मिळत नाही. बादली भरून न्यायची, माती खाली बसू द्यायची, वरचं पाणी झाडांना घालायचं. खाली उरलेला चिखल ताई प्लास्टरच्या लादीवर पसरतात. लादी पाणी शोषते, दोन-तीन दिवसांत माती मळण्याजोगी होते. म्हणजे वाया फक्त त्यांचे श्रम जातात, आणि त्याचंच बिल आम्ही लावतो.

10. एकमेकींशिवायही काम उभं राहू द्या

एका महोत्सवात मंचावर पाणी आणायला परवानगी मिळाली नाही. आम्ही दौरा रद्द न करता टाकीशिवाय नाचून बघितलं. तीच बंदिश, त्याच तिहाया, पण वाट कशाचीच बघायची नसल्यामुळे माझ्या थांबण्याला अर्थच उरला नाही. मधला थाटाचा भाग कापावा लागला. जे उरलं ते चांगलं, वेगवान कथक होतं. ते मी आता निराळ्या नावाने, मैफलीत करते. ताईंनीही एका प्रदर्शनात रांगेने काचेच्या टाक्या लावल्या, प्रत्येकीत निरनिराळ्या जाडीचं मडकं. नाच नाही, तबला नाही. लोक खुर्च्या ओढून बसले होते. मीही बसले, आणि मनात सारख्या मात्रा मोजत राहिले. शेजारच्या बाईंनी वैतागून माझ्या गुडघ्याकडे बघितलं, कारण माझा पाय वाजत होता.

पुढच्या रचनेसाठी ताईंना भाजलेलं भांडं हवं आहे, जे पाण्यात तासन्‌तास ठेवलं तरी काहीच होत नाही. त्यावर नाचायचं काय, हे मला अजून कळलेलं नाही. तबलजी म्हणतात, मडकं समेवर येणारच नसेल तर निदान मानधनाचं आधी ठरवा.